सीमेबाहेरचं गाऱ्हाणं

शिमग्याचे ढोल उतरवून ठेवले त्याच आठवड्यात शिवदासचं पत्र आलं, की रजा मिळत नाही. सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी लंकेत गेलेली त्याची पलटण तिथंच राहणार होती, आणि कधीपर्यंत ते तिथल्या साहेबालाही ठाऊक नव्हतं. चंद्रावतीनं ओट्यावर बसून नवऱ्याचं पत्र सासूला वाचून दाखवलं. रुक्मिणी सुपात उडीद पाखडत होती. तिचा हात थांबला नाही. पत्र संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "मगे बोंडू कोण मळतलो?"

प्रश्न खरा होता. पेडण्यातल्या खणवाड्याच्या मागं डोंगरावर त्यांची, परबांच्या घरची, काजूची झाडं होती, सासऱ्यानं लावलेली. तो गेल्यापासून शिवदास दरवर्षी रजा काजूच्या हंगामातच घ्यायचा. बायकांनी झाडाखाली पडलेली बोंडं वेचायची, बिया पिळून वेगळ्या काढायच्या, आणि पुरुषानं कातळात खोदलेल्या कुंडीत, म्हणजे कोळंबीत, उतरून ती बोंडं पायांनी तुडवायची, अशी रीत. बाईनं कोळंबीत पाय घातलेला वाड्यावर कुणी पाहिला नव्हता. गडी घ्यावा तर तरुण माणसं कुणी खाणीच्या ट्रकांवर, कुणी वास्कोच्या धक्क्यावर.

तीन दिवस बोंडांचा ढीग वाढत गेला. चौथ्या दिवशी खालचा थर आंबून काळा पडला, माश्या घोंगावू लागल्या. चंद्रावतीनं लुगड्याचा काष्टा वर ओढून घट्ट खोचला, पाय धुतले आणि ती कोळंबीत उतरली. रुक्मिणीनं तिच्याकडं पाहिलं, मग पाठ वळवून बिया पिळायला बसली. 

बोंडाचा रस टाचांच्या भेगांत शिरला की आधी थंड लागतो, मग विस्तव ठेवल्यासारखी आग होते. दुपारपर्यंत तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. तुडवलेला चोथा वेलीनं आवळून त्यावर धोंडा ठेवला, तेव्हा रसाची धार खालच्या मडक्यात पडायला लागली. तो वास केसांत, अंथरुणात, भातात, सगळीकडं शिरला.

रस घ्यायचा तो बाबुराव. त्याची दारू गाळायची भाटी ओहोळाच्या काठावर होती. पहिलं मडकं पाहून त्यानं तिच्या पायांकडं पाहिलं. पाय घोट्याच्या वरपर्यंत तांबूस काळे झाले होते. तो वाईट माणूस नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "रस घेतंय मी. पण तू फुडल्या वाटेन येव नको. मागल्यान, ओहोळाच्या कडेन ये. लोकांका दिसाक नको."

तेव्हापासून ती डोक्यावर मडकं घेऊन ओहोळाच्या निसरड्या दगडांवरून जायची. मागच्या दाराशी मडकं ठेवायचं, खोकायचं आणि परतायचं.

घरात एक ट्रान्झिस्टर होता, शिवदासनंच आणलेला. पणजी केंद्राच्या बातम्या लागल्या की सासू-सून कामं टाकून कान द्यायच्या. जाफना, बट्टिकलोआ अशी नावं यायची. मग इतके ठार, इतके जखमी. आकडा सांगत, नावं सांगत नसत. पत्र यायला पंधरा-वीस दिवस लागायचे. पत्रात तो धडधाकट असायचा, पण ते वीस दिवसांमागचं धडधाकट असणं. चंद्रावती पत्र हातात घेतलं की आधी तारीख पाहायची आणि त्या तारखेनंतर बातम्यांत काय काय ऐकलं ते मनात जुळवायची. एका संध्याकाळी निवेदकानं सुरुंगात उडालेल्या गाडीचं सांगितलं. रुक्मिणीनं उठून ट्रान्झिस्टर बंद केला, त्याच्यावर टॉवेल टाकला आणि परत लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेडण्याच्या बाजारात गेली आणि चामड्याच्या नव्या वहाणा घेऊन आली. मोठ्या मापाच्या. शिवदासच्या पायाला त्या झाल्या नसत्या, इतक्या मोठ्या.

वाड्याच्या वेशीवर, शेताच्या बांधाला, मेरेला, जांभळीच्या बुंध्याशी राखणदाराचा दगड होता. राखणदार म्हणजे गावाच्या सीमेवर फिरणारा. तिन्हीसांजेला तो काठी टेकत मेरेनं चालतो, वाघाला, चोराला, रोगाला आत येऊ देत नाही, असं सगळे मानत. त्याला वर्षाला रोट द्यायचा, विडी द्यायची, हंगामाची पहिली दारू द्यायची आणि नव्या वहाणा, कारण चालून चालून त्याच्या झिजतात. चंद्रावती साखळीकडची, चार बुकं शिकलेली. तिला सुरुवातीला या सगळ्याचं हसू यायचं.

रुक्मिणीनं तांदळाच्या पिठाचा रोट निखाऱ्यावर भाजला. वहाणा, विडी आणि बाबुरावाकडची पहिल्या धारेच्या दारूची, हुर्राकची, बाटली टोपलीत घालून टोपली सुनेच्या डोक्यावर दिली. दगडाजवळ आल्यावर सासूनं सगळं मांडलं, पदर पुढं घेतला आणि हात जोडले. गाऱ्हाणं घालायचं ते देवकार्याचा मान असलेल्या गावकरानं, बाईनं नाही. पण ती थांबली नाही.

"बा राखणदारा, आजपर्यंत तुका गावासाठी मागला. आज माझ्यासाठी मागतंय. ह्यो वहाणा घाल आणि सीम वलांड. दर्या वलांड. माझो झील थंय एकटो आसा. तेच्या फाटसून चल. तेच्यार जा काय येता, ता दुसऱ्यार घाल."

चंद्रावतीनं चमकून सासूकडं पाहिलं. शेवटचे शब्द, याच्यावर जे येईल ते दुसऱ्यावर घाल, जुनेच होते, गाऱ्हाण्यात नेहमी येणारे. तापसरीच्या वेळी, गुरांच्या रोगाच्या वेळी सगळेच असं म्हणायचे. पण त्या शब्दांचा अर्थ तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. ती टोपली रिकामी घेऊन सासूच्या मागं चालू लागली.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी ती अंगणात बिया पसरत होती आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कोंबड्या आत गेल्या होत्या, ओहोळाचं पाणी वाजत होतं. मग तिच्या ध्यानात आलं. मेरेवरून येणारा तो टक् टक् आवाज नव्हता. इतकी वर्षं तो ऐकत असूनही आपण ऐकतो हे तिला माहीत नव्हतं. बांबू वाजत असेल, सुतारपक्षी असेल, असं तिनं धरलं असेल. आता तो नव्हता, आणि त्याच्या जागी नुसती संध्याकाळ उरली होती. दुसऱ्या दिवशीही नव्हता. तिसऱ्या दिवशी ती दिवा लावून तशीच दारात उभी राहिली, तर मागून रुक्मिणी म्हणाली, "गेलो तो." आवाजात समाधान होतं. विहिरीवर बायकांनी विचारलं तेव्हा, मीच त्याला मुलापाठी धाडला, असं तिनं सांगूनही टाकलं.

चैत्रात बिबट्या वाघानं कृष्णनाथ गावकराच्या गोठ्यातलं वासरू नेलं. बिबट्या डोंगरात होताच, पण घरांत कधी उतरला नव्हता. मग डोंगराला आग लागली. सगळा वाडा ओल्या फांद्या घेऊन धावला. चंद्रावतीही धावली. तिच्या डाव्या बाजूला कृष्णनाथची सून फांदी आपटत होती, उजव्या बाजूला बाबुराव. धुरानं डोळे गळत होते. एरवी अशा वेळी बायका एकमेकींना हाका मारतात, पाणी देतात. त्या दिवशी तिच्याशी कुणी शब्द बोललं नाही. गावकरांची चाळीस झाडं गेली, परबांची अकरा.

दोन दिवसांनी कृष्णनाथ गावकर अंगणात आला. गावाच्या देवकार्याचा मान त्याच्याकडं. वयानं रुक्मिणीएवढाच, शांत माणूस. तांब्यातलं पाणी प्यायला, आगीचं बोलला, शिवदासची चौकशी केली. मग म्हणाला, "वयनी, राखणदार एका घराचो नाय. तेका सीम घालून दिलेली आसा. तू तेका भायर धाडलंस. आता परत बोलव."

रुक्मिणी खांबाला टेकून उभी होती. "तुमचे झील खंय आसत, भावजी?"

"एक वास्कोक. एक घराक."

"मगे तुमका हंयचो राखणदार होयो. माझो झील थंय आसा. माका थंयचो होयो."

कृष्णनाथ रागावला नाही. उठताना चंद्रावतीकडं वळून म्हणाला, की तू शिकलेली आहेस, तू समजाव. त्याचा तिला रागही आला आणि लाजही वाटली.

त्यानंतर बिया पिळायला येणाऱ्या दोन बाया यायच्या थांबल्या. विहिरीवर चंद्रावती गेली की बोलणं बंद व्हायचं. तिचा दोर अडकला तर कुणी हात लावायचं नाही. भांडण नाही, शिवी नाही. वाड्यानं त्या दोघींना नुसतं बाजूला ठेवलं, जसा भाकरीतला खडा ताटाच्या कडेला ठेवतात तसा.

वैशाखात पोस्टमन सगुण पत्र घेऊन आला. नेहमी शिवदास एका पानात आटपायचा. या वेळी कागदाच्या घडीवरसुद्धा बारीक अक्षरात लिहिलं होतं आणि वरती, 'आईला वाचून दाखवू नको.' चंद्रावतीनं ते काजूच्या झाडाखाली बसून वाचलं.

त्यानं लिहिलं होतं, की महिनाभर झाला, संध्याकाळी आमच्या चौकीच्या तारेबाहेर कुणीतरी काठी टेकत फिरतं. पहिल्या दिवशी पोरांनी दोन गोळ्या झाडल्या. सकाळी पाहिलं तर कुणी नाही, पाऊल नाही. नंतर इतरांना तो आवाज ऐकू येईनासा झाला. मला यायचा. आपल्या मेरेवर यायचा तसाच. गेल्या मंगळवारी मी आणि विठू वाळूच्या पोत्यांमागं पहाऱ्यावर होतो. विठू म्हणजे सुर्ल्याचा, आपल्या गोंयचा, आईचा एकुलता एक, माझ्या ताटात जेवणारा. आवाज आला आणि मला राहवेना. मी विठूला म्हटलं, दोन मिनिटं सांभाळ. तारेकडं तीस पावलं गेलो असेन, नसेन. मागं बॉम्ब पडला. मी जिथं बसलो होतो तिथंच पडला. विठूचं काय झालं ते लिहीत नाही. साहेबांना मी सांगितलं, की पलीकडं हालचाल दिसली म्हणून गेलो. त्यांनी माझी पाठ थोपटली. चंद्रा, तो आवाज अजून येतो. आता तो आला की मी कान बंद करून घेतो. मला वाटतं, मी पुन्हा त्याच्यामागं गेलो तर पुन्हा कुणीतरी मरेल. घरी काही देवाधर्माचं चाललं आहे का?

संध्याकाळी रुक्मिणीनं विचारलं, सगुण आलेला ना? चंद्रावतीनं कागद समोर धरला आणि नसलेलं पत्र वाचलं. मी बरा आहे. इथे माड आपल्यासारखेच आहेत. जेवणात भात असतो. रुक्मिणीनं विचारलं, "आणि?" ती म्हणाली, "आणि तुमका नमस्कार."

रुक्मिणीच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी रक्त आलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा रोट भाजला, दगडापाशी ठेवून आली. विहिरीवर बायका गप्प झाल्या तरी तिनं मोठ्यानं सांगितलं, माझ्या मुलाच्या केसाला धक्का नाही. चंद्रावती हे सगळं पाहत राहिली. घामानं भिजून पत्र तिच्या चोळीत मऊ पडलं होतं. बोंडं तुडवताना प्रत्येक पावलागणिक पायाखाली फचकन आवाज यायचा आणि तिला पत्रातला तो शब्द आठवायचा, 'लिहीत नाही'.

आठव्या दिवशी ती कोळंबीतच होती. काठावर बिया पिळत बसलेली रुक्मिणी म्हणाली, की हंगाम संपला की राखणदाराला आणखी एक वहाणांचा जोड घालू, तिकडची वाट खडकाळ असेल. चंद्रावतीचे पाय थांबले. रसात उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, तारीख, वार, तीस पावलं.

रुक्मिणीच्या हातातलं बोंड तसंच राहिलं. तिनं विचारलं, "तेका आवस आसा?"

"आसा. एकुलतो एक झील तिचो."

त्या दिवशीच्या बिया तशाच पडून राहिल्या.

सकाळी ती न सांगता वेशीकडं निघाली. चंद्रावती मागं गेली. दगडासमोर रुक्मिणीनं हात जोडले, ओठ उघडले, पण शब्द निघेना. ती पुन्हा पुन्हा श्वास घ्यायची आणि तोंड मिटायची.  शेवटी ती खाली बसली आणि मान न वळवता म्हणाली, "तू सांग गो. माझ्यान जायना."

चंद्रावतीनं सांगितलं. तिला गाऱ्हाण्याची भाषा येत नव्हती. ती म्हणाली, परत ये. तुझ्या जाग्यावर ये. आमच्या माणसाचं जे व्हायचं ते आमचं.

आणि मग वाट पाहणं. आतापर्यंत दोघींनी पुष्कळ वाट पाहिली होती, पण ती वेगळी होती. आता चंद्रावतीला वाटायचं, काही झालं तर ते माझ्या तोंडानं झालं. तेरा दिवस पत्र नाही. चौदाव्या संध्याकाळी ती अंगणातल्या बिया गोळा करत होती आणि मेरेवरून आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. ओट्यावर रुक्मिणीनं मान वर केली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. तो परत आला होता, म्हणजे तिकडं शिवदासच्या पाठीशी आता कुणी नव्हतं. चंद्रावतीनं बियांचं पोतं आत ओढलं आणि दार लावून घेतलं. रुक्मिणीनं त्या दिवशी जेवण घेतलं नाही.

विहिरीवरच्या बायका हळूहळू बोलू लागल्या. कृष्णनाथनं कोकमं पाठवली. सगळं पूर्वीसारखं होत होतं, आणि त्यातलं काहीच दोघींच्या कामाचं नव्हतं.

आषाढात शेवटी रजा मिळून शिवदास आला. हातात ट्रंक, गालफडं बसलेली, कानशिलापाशी केस पांढरे. रुक्मिणी त्याच्या दंडांवरून, पाठीवरून, बोटांवरून हात फिरवत राहिली, जणू एखादा तुकडा मागं राहिला असेल. तो हसला. दुपारी पोटभर जेवला, झोपला. तिन्हीसांजेला अंगणात पाय धूत होता. मेरेवर काठी वाजली. तांब्या त्याच्या हातातून सुटला आणि तो ओट्याच्या भिंतीलगत चिखलात पालथा पडला, दोन्ही हात कानांवर. चंद्रावती त्याच्याजवळ बसली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा ती पाठ पाण्यातून काढलेल्या मासळीसारखी थरथरत होती. रुक्मिणी दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं.

सकाळी शिवदास म्हणाला, की विठूच्या घरी जाऊन यायचं आहे. रुक्मिणी म्हणाली, "मीव येतंय."

तिघं बस बदलत बदलत दुपारी सुर्ल्याला पोचली. पावसानं खाणीची माती रस्त्यावर उतरली होती, सगळं गाव तांबड्या पाण्यात उभं. विठूचं घर गावाच्या टोकाला, समोर भाताचा एकच चौकोन. त्याची आई गंगा शेतात वाकलेली होती. लावणी अर्धी राहिली होती. माणसं आली म्हणून ती बांधावर आली, पाय धुतले, घरात नेऊन चहा ठेवला. शिवदासनं सांगायचं ते सांगितलं, म्हणजे त्याला सांगता आलं तेवढं. विठू लगेच गेला, त्रास झाला नाही. ती ऐकत होती. त्याच्याकडं नीट पाहून तिनं विचारलं, "तू लागीं आसलो?"

"आसलंय," तो म्हणाला. "मगे मी उठान गेलंय."

"कित्याक?"

तेव्हा रुक्मिणी बोलली. चंद्रावतीला वाटलं तिला थांबवावं, पण हात उचलला नाही. रुक्मिणीनं वहाणांपासून सगळं सांगितलं. शिवदास आईच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला हे आजच कळत होतं. शेवटचे शब्दही तिनं जसेच्या तसे सांगितले. "तेच्यार जा काय येता, ता दुसऱ्यार घाल. अशा मी मागलंय."

चुलीवरचा चहा उकळून उतू गेला. गंगानं तो उतरवला नाही. ती रुक्मिणीकडं बघत होती. राग होता की काय होतं, चंद्रावतीला ओळखता येईना.

"मीव तसाच मागलंय," गंगा म्हणाली. "आमच्या देवाकडे. ह्याच शब्दांनी." मग तिनं फडक्यानं भांडं उतरवलं, उरलेला चहा चार कपांत सारखा वाटला आणि म्हणाली, "तरवो सुकता. माका शेतात जावक होया."

कुणी काही बोलायच्या आत रुक्मिणी उठली. तिनं लुगडं वर खोचलं आणि गंगाच्या मागोमाग चिखलात उतरली. गंगानं भाताच्या रोपांची, तरव्याची, एक जुडी उचलून तिच्या बाजूला टाकली. दोघी लावू लागल्या.

चार वाजले. बसची वेळ झाली. शिवदासनं बांधावरून हाक दिली. रुक्मिणीनं वाकूनच सांगितलं, की तुम्ही दोघं जा. एवढं शेत पुरं व्हायला दोन-तीन दिवस लागतील.

"आये, तुका झेपाचा नाय," तो म्हणाला.

ती पुढचं रोप रोवत राहिली. चंद्रावतीनं त्याचा हात धरला. पावसाची सर आली होती. दोघं तांबड्या रस्त्यानं थांब्याकडं चालू लागली. बस येईपर्यंत शिवदास दुकानाच्या वळचणीला उभा होता, रस्त्याकडं पाठ करून. बस आली तेव्हा तिनं त्याला आधी चढवलं, खिडकीशी बसवलं आणि आपण बाहेरच्या बाजूला बसली. पेडण्याला पोचेपर्यंत काळोख पडणार होता, आणि त्याआधी तिन्हीसांज लागणार होती. तिनं पदर काढून त्याच्या दोन्ही कानांवरून गुंडाळला. कंडक्टर बघत होता. तिनं बघू दिलं.